विष कुठे लागलं, हे लक्षणच सांगतं

मज्जासंस्थेची आकृती शाळेत सगळ्यांनीच काढलेली असते. मेंदू, मज्जारज्जू, त्यातून निघणारे फाटे आणि उजवीकडे नावांच्या रेघा. परीक्षा झाली की ती वहीतच राहते. ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात मात्र पावसाळाभर तीच आकृती उलटीकडून वाचावी लागते: आधी लक्षण समोर येतं, मग बिघाड कुठल्या जागी असेल ते ओळखायचं. विंचू, मण्यार, नाग, धोतरा आणि फवारणीचं औषध ही पाचही मज्जासंस्थेवर जातात, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. यंत्रणा समजून घ्यायला यांच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, असं माझं मत आहे.

आधी रचना. मेंदूचं वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण माणूस स्वस्थ पडलेला असतानाही एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के मेंदूच वापरतो. त्यात अंदाजे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. मज्जारज्जू मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली पाण्यात सुटे लोंबणारे मज्जातंतू तेवढे असतात. सिझेरियनच्या वेळी पाठीतलं इंजेक्शन कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या फटीत देतात ते म्हणूनच; तिथे सुई टोचायला रज्जू नसतोच. ("त्या इंजेक्शनपासून कंबर धरली" हे घरोघरी ऐकू येतं. बाळंतपणानंतरची कंबरदुखी इंजेक्शन न घेतलेल्या बायकांनाही होते, हे मात्र कुणी सांगत नाही.)

मेंदू आणि रज्जू हा मध्यवर्ती भाग. त्यांच्यापासून निघणाऱ्या नसा हा परिघीय भाग: मेंदूतून १२ जोड्या, रज्जूतून ३१. त्या ३१ मध्ये मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. या नसांमधून तीन प्रकारची वाहतूक चालते. संवेदना आत येतात, स्नायूंना हुकूम बाहेर जातात आणि तिसरी वाहतूक आपल्याला न विचारता चालू असते: हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, ग्रंथी, डोळ्यांच्या बाहुल्या. ही स्वायत्त संस्था. तिचा सिम्पथेटिक भाग छातीच्या पहिल्या पातळीपासून कमरेच्या दुसऱ्या पातळीपर्यंतच्या रज्जूतून निघतो. पॅरासिम्पथेटिक भाग त्याच्या वर आणि खाली आहे: मेंदूच्या तिसऱ्या, सातव्या, नवव्या, दहाव्या नसेतून आणि त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या पातळीतून.

स्नायूकडे जाणारा हुकूम रज्जूतून निघाला की एकाच तंतूने थेट स्नायूपर्यंत पोचतो. स्वायत्त हुकूम मात्र वाटेत एका गाठीत थांबून दुसऱ्या पेशीच्या हवाली होतो. गाठीतलं रसायन दोन्ही भागांत एकच, अॅसिटिलकोलिन. शेवटच्या टोकाला पॅरासिम्पथेटिकमध्ये पुन्हा अॅसिटिलकोलिन, तर सिम्पथेटिकमध्ये नॉरअॅड्रिनलिन. याला एक मोठा अपवाद आहे: घामाच्या ग्रंथी. त्यांना जाणारे तंतू सिम्पथेटिक असूनही टोकाला अॅसिटिलकोलिनच सोडतात. पुढे जागोजागी घाम येणार आहे, तेव्हा हा अपवाद लागेल.

अॅसिटिलकोलिन पकडणारे रिसेप्टरही दोन जातींचे. निकोटिनिक हे स्नायूंवर आणि त्या गाठींमध्ये असतात, मस्करिनिक हे ग्रंथी, हृदय, आतडी, श्वासनलिका आणि बाहुलीच्या स्नायूवर. दोन्ही मेंदूतही आहेत. एवढ्या भांडवलावर पुढचं सगळं उलगडतं.

आता तंतू. विश्रांतीत तंतूच्या आतला विद्युतदाब बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो. तो उणे ५५ च्या आसपास आला की पडद्यातली सोडियमची द्वारं धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतं आणि आतली बाजू क्षणभर अधिक ३० च्या घरात जाते. मिलिसेकंदभरात ही द्वारं आपली आपण बंद होतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि दाब मूळ जागी येतो. प्रत्येक फेरीत तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेणारा पंप मागचं आवरत राहतो. सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा; हेच एक स्पंदन. अर्धं स्पंदन नावाची गोष्ट नसते. जोरात लागलं तर स्पंदन मोठं होत नाही, त्याच मापाची स्पंदनं जास्त संख्येने निघतात.

वेग जाडीवर आणि मायलिनच्या वेष्टणावर ठरतो. वेष्टणाच्या जाड तंतूत तो सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो, बिनवेष्टणाच्या बारीक तंतूत अर्धा ते दोन मीटरच. पायाच्या अंगठ्याला विंचू डसला तर रज्जूपर्यंतचं अंतर साधारण एक मीटर. पातळ वेष्टणाच्या तंतूंवरून येणारी तीक्ष्ण कळ दशांश सेकंदात पोचते. बिनवेष्टणाच्या तंतूंवरून येणारी आग-आग जवळपास सेकंदभर मागून येते. पाय मागे ओढण्याचा हुकूम तर रज्जूतूनच परस्पर सुटतो. मेंदूला कळेपर्यंत पाय उचललेला असतो.

दाताच्या डॉक्टरकडचं लिग्नोकेन याच सोडियमच्या द्वारांना आतून बूच मारतं. बारीक तंतू आधी बधिर होतात, जाड नंतर. म्हणून दाढ काढताना दुखत नाही, पण ओढल्याचं आणि दाबल्याचं कळतं. पाठीतल्या इंजेक्शनचंही तेच. सिझेरियनला छातीच्या चौथ्या पातळीपर्यंत बधिरता लागते, म्हणजे सिम्पथेटिकचा बहुतेक सगळा उगमच त्यात येतो. रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब घसरतो. भूलतज्ज्ञ पहिली काही मिनिटं दाबाच्या आकड्यावरून नजर काढत नाही, बाईला किंचित डाव्या कुशीकडे कलवून ठेवतो आणि दाब चढवणाऱ्या फिनाइलेफ्रिनची सिरिंज भरून हाताशी ठेवतो, ते यासाठी. त्या वेळी मळमळलं तर पोटाचं काही नसतं, बहुधा दाब पडलेला असतो.

लाल विंचू बरोबर उलटं करतो. त्याच्या विषातली प्रथिनं सोडियमची द्वारं बंदच होऊ देत नाहीत. शिवाय काही प्रथिनं पोटॅशियमची वाट अडवतात. तंतू एकदा पेटला की स्पंदनामागून स्पंदन काढत राहतो. स्वायत्त तंतूंमध्ये हे झालं की दोन्ही भाग एकदम सुटतात. सुरुवातीला पॅरासिम्पथेटिकचा जोर: उलट्या, लाळ, मंद नाडी, पुरुषांत लिंगाला ताठरपणा. घाम तर असा की अंगावरचा सदरा पिळून काढावा. तासा-दोन तासांत सिम्पथेटिक वरचढ होतं: हातपाय बर्फासारखे गार, नाडी धावती, रक्तदाब चढलेला. आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध हृदय रेटत राहतं, थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. गुलाबी फेस, बसूनच श्वास घ्यावा लागणं ही त्याची खूण.

कोकणात मुलं याने पटापट दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या विषाचा शेवटचा टप्पा नेमका ओळखला: नॉरअॅड्रिनलिन रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरला जाऊन लागतं, तर तिथेच अडवा. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आधी गंभीर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते काही टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्रा मुलांना किलोला ३० मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने, मोठ्यांना अर्धा मिलिग्रॅम. तीन तासांनी पुन्हा, हातपाय गरम होईपर्यंत. गोळी साधीच हवी, सावकाश विरघळणारी इथे कामाची नाही. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं. मुलाला आईने कौतुकाने उभं धरलं की दाब एकदम पडू शकतो. आणि नुसता ठणका असेल, घाम-उलटी काही नसेल, तर प्राझोसिनची गरज नाही. डंखाभोवती लिग्नोकेन किंवा साधं वेदनाशामक पुरतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन अजूनही हौसेने टोचलं जातं. त्याचा इथे काही उपयोग नाही. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याच्या विषात लाल विंचवाएवढा जोर नाही.

तंतू संपतो तिथे स्नायूशी सांधा आहे, आणि मण्यार व नाग या सांध्यावर काम करतात. तंतूच्या टोकात अॅसिटिलकोलिनच्या पुटिका भरून ठेवलेल्या असतात, एकेकीत हजारो रेणू. स्पंदन आलं की कॅल्शियम आत येतं, पुटिका पडद्याला चिकटून फुटतात, रसायन मीटरच्या सुमारे ५० अब्जांशांएवढी फट ओलांडून निकोटिनिक रिसेप्टरवर बसतं आणि स्नायू आकसतो. एका स्पंदनाला गरजेपेक्षा काही पट जास्त रसायन सुटतं, त्यामुळे थोडी झीज झाली तरी कळत नाही. ही शिल्लक संपली की पहिला बळी पापण्यांचा आणि डोळा हलवणाऱ्या स्नायूंचा.

नागाचं विष फटीच्या पलीकडे, स्नायूच्या बाजूला बसतं; कुलपात दुसरीच किल्ली अडकून राहावी तसं. किल्ली अडकली तरी कुलूप शाबूत असतं, म्हणून इथे निओस्टिग्मिन चालतं: ते अॅसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला थोपवतं, फटीत रसायन साठतं आणि गर्दीच्या जोरावर काही रिसेप्टर पुन्हा मिळवतं. चाचणी अशी: ०.६ मिलिग्रॅम अॅट्रोपिन शिरेतून, मग दीड मिलिग्रॅम निओस्टिग्मिन स्नायूत, आणि तासभर पापणी किती उचलते ते मोजायचं. बुब्बुळाच्या वरच्या कडेपासून पापणीची कड किती खाली आहे, ते दर दहा मिनिटांनी पट्टीने मिलिमीटरमध्ये मांडावं. नुसतं "बरं वाटतंय" लिहून भागत नाही. आधी अॅट्रोपिन का, तर निओस्टिग्मिन हृदयावरच्या मस्करिनिक जागांनाही छेडतं आणि नाडी मंदावते.

मण्यारीचं विष अलीकडच्या बाजूला, तंतूच्या टोकातच शिरतं आणि पुटिकांसकट टोक उद्ध्वस्त करतं. मग सोडायला रसायनच उरत नाही. निओस्टिग्मिनचा उपयोग बहुधा होत नाही, आणि पक्षाघात बसल्यावर प्रतिसर्पविषानेही तो लगेच मागे फिरत नाही. नवं टोक फुटेपर्यंत व्हेंटिलेटरवर दिवस, कधी आठवडे काढावे लागतात. पण ते फुटतं. ज्याचा श्वास सांभाळला तो माणूस सहसा चालत घरी जातो.

मण्यारीची अडचण निदानात आहे. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात इतके छोटे की खूण दिसत नाही, सूज नाही, दुखणं नाहीसारखं. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून उठतो, एखादी उलटी होते, घरचे ओवा-सोडा देतात. तासाभरात "डोळे उघडवत नाहीत" म्हणतो आणि सगळ्यांना वाटतं झोप अपुरी झाली. मग एकाचे दोन दिसणं, बोलणं नाकात जाणं, थुंकी गिळता न येणं. नंतर मान: उताणं झोपवून डोकं उचलायला सांगितलं तर उचलत नाही. त्यानंतर श्वास. हा वरून खाली उतरणारा क्रम. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या असं दोन्ही असेल तर खूण शोधण्यात वेळ घालवू नये. एका श्वासात कितीपर्यंत आकडे मोजता येतात ते दर पंधरा मिनिटांनी पाहावं; २५ वरून १५ वर आला तर श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी करावी.

प्रतिसर्पविष सुरुवातीला साधारण १० कुप्या, मुलालाही तितक्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काही करू नये. पाय किंवा हात फळीने स्थिर करून, माणसाला न चालवता न्यायचं, आणि लाळ गिळता येत नसेल तर कुशीवर.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. सापांची ही विषं रक्तातून मेंदूत शिरत नाहीत, त्यांना मेंदूभोवतीचा अडसर ओलांडता येत नाही. रुग्ण निपचित, बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. मेंदू मेल्याची सगळी चिन्हं. आत मात्र तो पूर्ण शुद्धीत, सगळं ऐकत असतो. खाटेजवळ "आता काही राम नाही" म्हणणारे नातेवाईक आणि डॉक्टर दोघांनीही हे ध्यानात धरावं, आणि झोपेचं औषध चालू ठेवावं.

धोतरा सांध्यावर जात नाही. तो मस्करिनिक जागा व्यापतो. बियांमधलं मुख्य द्रव्य अॅट्रोपिनच्याच घराण्यातलं. म्हणून तोंड कोरडं ठाक, कातडी तापलेली पण घामाचा टिपूस नाही (अपवाद आठवा), बाहुल्या ताटलीएवढ्या, नाडी धावती, लघवी तुंबलेली. आणि हे द्रव्य मेंदूत पोचतं, त्यामुळे माणूस हवेतले धागे वेचतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. स्नायूंची ताकद मात्र शाबूत, कारण निकोटिनिक जागांना हात लागलेला नाही.

फवारणीचं ऑर्गॅनोफॉस्फरस औषध याच्या विरुद्ध टोकाला. अॅसिटिलकोलिन आपलं काम झालं की एका एन्झाइमने मोडावं लागतं. ते एन्झाइम सेकंदाला हजारो रेणू मोडतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही या गटातली औषधं त्याला चिकटून निकामी करतात. मग अॅसिटिलकोलिन जिथे जिथे आहे तिथे तिथे तुंबतं. मस्करिनिक जागांवर: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, लाळ, घाम, जुलाब, छातीत घरघर, मंद नाडी. निकोटिनिक जागांवर: आधी कातडीखाली स्नायू वळवळतात (मांडी आणि छाती उघडून उजेडात पाहिली की दिसतं), मग थकून लुळे पडतात. मेंदूत: गोंधळ, फिट, श्वासाचं केंद्र मंदावणं.

इथे अॅट्रोपिन जीव वाचवतं, धोतऱ्याचंच भावंड. पण ते फक्त मस्करिनिक बाजू सांभाळतं. एक ते तीन मिलिग्रॅमने सुरुवात, दर पाच मिनिटांनी दुप्पट, जोवर छातीतली घरघर थांबत नाही, नाडी ८० च्या वर आणि वरचा दाब ८० च्या वर येत नाही तोवर. मोजमाप छातीचं धरायचं. बाहुली मोठी होण्याची वाट पाहिली तर मात्रा चुकते. पुढे लागलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के तासाला, थेंबाथेंबाने. ताप चढला, आतड्यांचे आवाज बंद झाले, रुग्ण बडबडू लागला तर अॅट्रोपिन जास्त झालं, कमी करायचं. याच अॅट्रोपिनने विंचवाच्या रुग्णाची धावती नाडी आणखी बिघडते. घामाने भिजलेले, उलट्या करणारे दोन रुग्ण शेजारी असतील तर बाहुली, स्नायूंची वळवळ, छातीतली घरघर आणि लसणीसारखा वास पाहून ते वेगळे करावे लागतात.

लुळेपणासाठी प्रॅलिडॉक्सिम. ते एन्झाइमवरून विष सोडवतं, पण बंध ‘पिकण्या’आधी, म्हणजे कायमचा होण्याआधी, मिळालं तर. मोनोक्रोटोफॉसच्या गटात हा बंध चार तासांच्या आतच निम्मा पिकतो. बारामतीतल्या २००६ च्या चाचणीत सलग चालू ठेवलेल्या मोठ्या मात्रेने फायदा दिसला. श्रीलंकेतल्या २००९ च्या चाचणीत दिसला नाही. माझा कल असा: लवकर आलेल्याला द्यावं, पण त्याच्या भरवशावर अॅट्रोपिन देणं आणि श्वास सांभाळणं मागे टाकू नये.

रुग्ण दुसऱ्या दिवशी सावरला म्हणून सोडू नये. २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. रोज सकाळ-संध्याकाळ मान उचलायला लावणं ही यावरची सगळ्यात स्वस्त तपासणी. काही औषधांनंतर दोन-तीन आठवड्यांनी पावलांत मुंग्या आणि पंजे लोंबणं सुरू होतं. पावलांतच का, तर सगळ्यात लांब तंतू तिथे पोचतात, आणि लांब तंतूचं टोक आधी झडतं.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना २० हून अधिक जण गेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ते पीक डोक्याएवढं वाढलेलं असलं की फवारा तोंडावर आणि मानेवर येतो, आणि घामाने ओल्या कातडीतून औषध आत जातं. त्यामुळे रुग्णालयात पहिलं काम कपडे उतरवणं आणि साबण-पाण्याने केस, नखं, कानामागे, बेंबी धुणं. धुणाऱ्याने हातमोजे घालूनच. चामड्याची चप्पल टाकून द्यावी, तिच्यात मुरलेलं औषध निघत नाही. ओकारी काढायला मीठपाणी पाजू नये.

डबा किंवा त्यावरचं लेबल बरोबर न्यावं. बाजारात प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के असं मिश्रण एकाच बाटलीत मिळतं. यातलं सायपरमेथ्रिन विंचवासारखंच सोडियमची द्वारं उघडी ठेवतं आणि त्यावर अॅट्रोपिन चालत नाही. शेतमजुराने "चेहऱ्याची आग होते, ओठाला मुंग्या येतात" सांगितलं तर ते सायपरमेथ्रिनचं काम, आणि लाळ-घरघर असेल तर प्रोफेनोफॉसचं. दोन्ही असतील तर दोन्हीकडे पाहावं लागतं.